प्रवासी : पाच

माझी मोठी बहीण गोंडपिपरीकडच्या एका गावात राहते. वैनगंगा तिथून फार लांब नाही, पुराच्या वर्षी पाणी धानाच्या बांध्यांपर्यंत येऊन जातं. मी तिला बाई म्हणतो. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो, की आई म्हटलं की मला बाईचाच चेहरा आठवतो. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. बोलून दाखवायच्या पुष्कळ गोष्टी मी आयुष्यात गिळल्या. त्यातली एक आज सांगायला बसलो आहे, आणि ती चांगली नाही.

मी चंद्रपूरला सरकारी नोकरीत आहे. त्या वर्षी आम्ही गाडी घेतली होती. पहिलीच. सीटवरचं प्लॅस्टिक मी कितीतरी दिवस काढू दिलं नाही, तेव्हा बायको म्हणाली होती, "गाडी घेतली का देव्हारा?" कचेरीत जेवणाच्या सुट्टीत गाडीचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला: मग कुठे नेता? आमच्याकडच्या माणसाला जंगलात फिरायला नेण्यात अर्थ नाही. बाहेरची माणसं वाघ पाहायला एवढ्या लांब येतात, आम्ही वाघाच्या भीतीने पोरांना शाळेत पोचवायला जातो. आमच्या माणसाला हवा असतो समुद्र. कोकण आम्हाला दुसऱ्या मुलखाइतकं लांब. त्यापेक्षा खाली उतरलं की तेलंगणा, मग आंध्र, मग समुद्र. कचेरीतल्या एकाने विशाखापट्टणमच्या पुढच्या किनाऱ्याचे फोटो दाखवले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधून काळा, गुळगुळीत रस्ता. त्यानेच माझ्या मोबाईलमध्ये ट्रिप प्लॅनर टाकून दिला.

ज्यांनी तो वापरला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कुठून निघणार, कुठे जाणार, माणसं किती, काय पाहायला आवडतं, एवढं तो विचारतो आणि अख्खा प्रवास मांडून देतो. कुठे जेवा, कुठे झोपा, सूर्य उगवताना कुठे उभे राहा. मला त्याचा नादच लागला. साहेबांच्या फायली समोर पडलेल्या असायच्या आणि मी टेबलाखाली समुद्र हलवत बसायचो.

'निसर्गरम्य रस्ता' असं एक बटण त्यात होतं. ते दाबलं आणि त्याने किनाऱ्याचा रस्ता तर दिलाच, पण इकडचाही बदलून टाकला. राजुऱ्याकडचा सरळ रस्ता सोडून त्याने निळी रेघ गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा अशी जंगलातून नेली. नकाशा मोठा करून पाहिला तर बाईच्या गावाचं नाव त्या रेघेला चिकटून होतं.

मी बोटाने रेघ धरली आणि राजुऱ्याकडे ओढली. ती आली. किती सहज आली! बायकोला म्हणालो, तिकडे सूरजागडच्या लोखंडाच्या ट्रका असतात, रस्ता उखडलेला असतो. ते खोटं नव्हतं. पण रेघ ओढताना माझ्या मनात ट्रका नव्हत्या.

धान चुरून, म्हणजे मळून झालं की बाई दरवर्षी मला नव्या तांदळाचं पोतं देते. ते आणायला मी एकटाच गेलो. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाटेवर बसलो आणि सवयीने मोबाईल काढला. बाई खाली बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. मोहाच्या बियांचं तेल, टोळीचं. आमच्याकडच्या घराघरांत असतं. त्याला एक जड, कडवट वास असतो, जो कपड्यांतून लवकर जात नाही.

"आल्यापासून मुंडकं खाली घालून काय पाहून राह्यला रे बाबू?"

"फिराले जाचं आहे बाई. त्याचं पाहून राह्यलो."

"कुठी?"

मी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणालो, "समुद्राले."

बाईचा हात गुडघ्यावरच थांबला.

तो का थांबला हे सांगण्यासाठी मला भाऊजींबद्दल सांगावं लागेल. भाऊजी म्हणजे बाईचा नवरा. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मोहफुलं वेचायला गेले होते, वाघाने धरलं. जेवढे हाती आले तेवढ्यांना अग्नी दिला आणि राख वैनगंगेत शिरवली. पुढे मीच कधीतरी शाळेच्या पुस्तकातला नकाशा उघडून बाईला दाखवलं होतं, की वैनगंगा वर्धेला मिळते, तिथून ती प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. बाईने तेवढं धरून ठेवलं. "तुये भाऊजी समुद्राले गेले," असं ती म्हणायची, माणूस नोकरीच्या गावी गेला असं सांगावं तसं. रडत नसे. फक्त एकदा तो समुद्र पाहायचा आहे, असं म्हणायची.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या भागात जोखमीच्या कामाला निघताना दाणे पाहतात. मूठभर तांदूळ सुपात टाकायचे आणि दोन-दोन करून बाजूला सारायचे. सगळे जोडीने सुटले तर जा. एक उरला तर थांब. आणि एकदा एक उरला, की त्या वाटेचं पुन्हा विचारायचं नाही. भाऊजींनी विचारलं होतं. पहिल्या मुठीत एक उरला. ते हसले, म्हणाले, "या एकाले भूक लागली असन," आणि तो दाणा तोंडात टाकून त्यांनी दुसरी मूठ टाकली. ती जोडीने सुटली. टोपली उचलून ते निघाले. बाई दारात होती. मी तेव्हा तिच्याकडेच वाढत होतो, मीही तिच्याजवळ उभा होतो. दाण्यांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आता तर नाहीच. पण बाईचा किती आहे, आणि का आहे, हे माझ्याइतकं जगात कोणाला माहीत नव्हतं.

तर बाईने हात पुसले आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"हे मशीन काय सांगते?"

"कुठून जाचं, कुठी राहाचं, कुठी थांबाचं. सगळं सांगते."

"जा का नोको जाऊ, तेही सांगते?"

"सांगते म्हण ना एक प्रकारे."

"म्हणजे दाणे पाहाचं मशीन हाय!" ती खो खो हसली. "लय शिकले रे तुमी लोक. सूप गेलं अन् मोबाईल आला." मग हसू ओसरलं. खाटेच्या सुताला बोटाने ओढत म्हणाली, "माया विचार ना त्याले. मी आली तं चालते का?"

मी विचारलं. हे मला आजही विशेष वाटतं, की मी खरोखर विचारलं. प्रवासी चार होते, ते पाच केले. त्याने विचारलं, सोबत वयस्कर माणसं आहेत का. मी 'हो' दाबलं. चक्र फिरलं आणि त्याने सगळा प्रवास नव्याने मांडला. रोजचं अंतर कमी केलं, मध्ये थांबे वाढवले, तळमजल्याच्या खोल्या शोधल्या, आणि किनाऱ्यावर जिथे पायऱ्या उतराव्या लागत नाहीत अशी जागा पुढे केली. इतकं अगत्य आमच्या घरातल्या कोणी बाईला दाखवल्याचं मला आठवत नाही. मशीनने हो म्हटलं होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: प्रवासी ५.

बाईला अक्षरं अडखळत येतात, आकडे येतात. ती वाकली.

"पाच," ती म्हणाली. मग आपल्या पंजाची बोटं तिने दोन-दोन करून मिटली. अंगठा राहिला. तो तिने माझ्यासमोर धरला. "एक उरून राह्यला."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, नाई बाई, हे तसलं नाही, हे माणसं मोजते. कितीसं मोठं वाक्य होतं?

मी म्हणालो, "हो ना बाई. नाई म्हणते."

ती त्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग पदर खोचला. "नाई म्हणते तं नाई. तुमी जाऊन या. पोराइले पाण्यात सोडू नोको." आणि आत जाऊन पोत्याचं तोंड शिवायला बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट मला वाटलं, तिला थोडं बरंच वाटलं असावं, की वेळेवर कळलं. म्हणजे मी तिची इच्छा मारली आणि वर तिला वाटायला लावलं की तिचा जीव वाचला.

का केलं असं? मी वर्षभर स्वतःला वेगवेगळी कारणं दिली. तिला गाडी लागते. तिचे गुडघे दुखतात. तिला परकं पाणी सोसणार नाही. ही सगळी कारणं तिच्या काळजीची होती म्हणून मला आवडायची. खरं कारण इतकं लहान होतं की लिहायला लाज वाटते. नव्या गाडीत त्या तेलाचा वास बसेल, हे एक. आणि दुसरं म्हणजे, कचेरीतली दोन कुटुंबं तिथे हॉटेलात भेटणार होती. त्यांच्यासमोर बाई ताटात हात धुईल, मोठ्याने ढेकर देईल, मला "बाबू" म्हणून हाक मारील. शिकून मी ज्या माणसांत जाऊन बसलो, त्यांच्यासमोर मला माझी बहीण नको होती. ज्या हातांनी मला शिकवलं ते हात नको होते. एवढंच.

ट्रिप झाली. चांगली झाली. प्लॅनरने सांगितलं तिथे थांबलो, सांगितलं ते खाल्लं. किनाऱ्याचा तो रस्ता फोटोत होता त्याहून सुंदर निघाला. वळण घेतलं की अख्खा समुद्र काचेवर येऊन आदळायचा आणि पोरं ओरडायची. एका वळणावर गाडी थांबवली, पोरं खाली पळाली, आणि बायको समोरच्या सीटवर बसूनच म्हणाली, "तुम्ही मधी पाच केलं होतं ना?"

मला आधी कळलंच नाही.

"प्लॅनमधी. माझ्या मोबाईलवरही येते ना ते. एक दिवस पाच दिसले, मग पुन्हा चार. मले वाटलं बाईले घेऊन येता. मी मागची सीट नीट करून ठेवली होती, उशी टाकली होती."

"चुकून दाबलं गेलं," मी म्हणालो.

उशी मागे होतीच. सगळ्या रस्ताभर पोरं ती एकमेकांना मारत होती आणि ती तिथे का आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

परत आल्यावर मी बाईसाठी बाटलीत समुद्राचं पाणी घेऊन गेलो. माणूस काय काय करतो! तिने झाकण उघडून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आपली नदी तिथी जाऊन अशी होते?" मग थोडं पाणी ओंजळीत घेतलं, क्षणभर धरून ठेवलं आणि तुळशीत न टाकता अंगणाच्या कडेला सोडलं. खारट पाण्याने झाड मरतं हे तिला सांगावं लागलं नाही. बाटली धुऊन तिने मला परत दिली.

पुढच्या दिवाळीनंतर तिच्या गावच्या मंडईला गेलो. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच, रात्री नाटक असतं, घरोघरी पाहुणे असतात. बाई पाहुण्यांना चहा देत होती. माझ्या कपात ओतता ओतता धार कपाच्या बाहेर जाऊन माझ्या मांडीवर आली. लोक हसले. "बाई, भावाले न्हाऊ घालून राह्यली का?" कोणीतरी म्हणालं. बाईही हसली. पण मी पाहत होतो. आत जाताना तिचा खांदा चौकटीला लागला. कोपऱ्यात ठेवलेला हंडा तिच्या पायाने कलंडला. समोरचं सगळं ती नीट करत होती, बाजूचं तिला लागत होतं.

चंद्रपूरला आणून डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगायचा. यात कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवायची. एक डोळा जवळजवळ गेलाच होता, दुसऱ्यात नळीतून पाहिल्याइतकं उरलं होतं. त्याने विचारलं, त्रास केव्हापासून आहे? बाई म्हणाली, "मागल्या धानाच्या वक्ती चांगलं दिसत होतं. मंग कडाकडाचं पुसत पुसत आलं."

मागल्या धानाच्या वक्ती. मी डॉक्टरच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या डोळ्याकडे पाहत बसलो. त्याचे भाग सुटे करून पुन्हा बसवता येत होते.

त्यानंतर मी पुन्हा प्लॅनर उघडला. या वेळी निळ्या रेघेला हात लावला नाही. ती गोंडपिपरीवरून गेली तशी जाऊ दिली. गोदावरी समुद्राला मिळते ती जागा मी स्वतः शोधून त्यात टाकली. मग सुट्टी टाकून बायकोला घेऊन गावाला गेलो. बाई सपरीत ऊन पाठीवर घेऊन तांदूळ निवडत होती. आता ती खडे डोळ्यांनी पाहत नव्हती, तळव्याखाली दाणे फिरवून काढत होती.

"बाई, चाल. समुद्राले जाऊन येऊ."

"कोण?"

"तू, मी अन् तुयी भावजय. पोराइची परीक्षा आहे, ते राहतात."

"येडा झाला का? तवा विचारलं होतं ना. एक उरला होता."

"ते मागच्या वर्षी."

"वर्ष बदललं म्हणून वाट बदलते का? एकदा नाई आलं तं नाई." तिने सूप पाखडलं. "तुये भाऊजी दुसरी मूठ टाकून गेले. तुले आठवत नसन. तू लहान होता."

"आठवते," मी म्हणालो.

"मंग काऊन म्हणतं?"

बायकोने येताना गाडीत एवढंच म्हटलं होतं, "जे असेल ते सांगून टाका." तिला किती माहीत होतं कोण जाणे. ती आता मागच्या अंगणात शेजारणीशी बोलत होती आणि बोलणं मुद्दाम मोठ्याने चाललं होतं, म्हणजे आम्हाला कळावं की ती ऐकत नाही.

मी म्हणालो, "बाई, ते मशीन दाणे पाहत नाई. ते फक्त माणसं मोजते. तवा त्यानं नाई म्हटलंच नव्हतं. ये म्हणत होतं. तुयासाठी खालची खोलीही पाह्यली होती त्यानं. मी खोटं सांगितलं."

तिचा तळवा सुपात फिरत राहिला. मला वाटलं तिने ऐकलं नाही. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "ऐकलं मी. डोरे गेले, कान नाई गेले."

एक खडा बाहेर टाकून म्हणाली, "काऊन?"

"तुले गाडी लागते ना, म्हणून वाटलं..."

"खरं सांग."

"तेलाचा वास येते, बाई. गाडी नवी होती. अन् कचेरीतले लोक होते संगं. मले लाज वाटली."

तिने हात उचलून नाकाशी नेला, हुंगला. आणि मला वाटलं नव्हतं, पण ती हसली. "तुयी बायको ते फुसफुस मारते ना बाटलीतलं, त्यानं मायं डोस्कं उठते. मी म्हटलं का कधी, घरात येऊ नोको?" मागच्या अंगणातलं बोलणं एकदम बंद पडलं.

मीही हसायला लागलो. बरं वाटलं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात ती म्हणाली, "वासाचं सोड. दाण्याचं तुले माहीत होतं."

मी खाली पडलेला खडा उचलला.

"तू दारात उभा होता तवा. मी रडली तं मले पाणी तूच आणून देल्लं. तुले माहीत होतं का नाई, मी दाण्याच्या पुढं जात नाई?"

"माहीत होतं."

"मंग मले अडवाले तू तुया भाऊजीची मौत मंधात घातली."

हे वाक्य ती ओरडून म्हणाली नाही. सूप उचललं, भिंत चाचपत आत गेली आणि कामाला लागली. मी सपरीत बसून राहिलो. जेवायची वेळ झाली तेव्हा तिने ताट आणून ठेवलं, भात, वरण, वाळल्या वांग्याची भाजी, सगळं नेहमीसारखं. बोलली मात्र बायकोशी. "भाजी देऊ का भाऊले विचार," असं, मी समोर असताना. मला आठवतं, मी लहानपणी खोटं बोललो की ती अशीच करायची. दोन दिवस घरातल्या बकरीमार्फत बोलायची. "बकरे, त्याले सांग शाळेची वेळ झाली." तेव्हा मला हसू यायचं. आता भाजी नको, हे मीही बायकोलाच सांगितलं.

आम्ही निघालो. बायको गाडीत बसली, मी दार धरून उभा होतो. बाई अंगणात आली आणि अंदाजाने नाही, नेमकी माझ्या तोंडाकडे मान वळवून म्हणाली, "कधी निघाचं हाय?"

"तू म्हणशील तवा."

"धान देऊन झालं की मी मोकळी हाय. मी येतो. पण माफ केलं म्हणून येऊन राह्यली, असं समजू नोको. डोरे हायेत तवरक पाहून घेतो, बस."

"बरं," मी म्हणालो.

"अन् मशीनले काई विचारू नोको आता. तू नेतो म्हण."

"नेतो," मी म्हणालो.

आम्ही गेलो. बाई मागे बसली, बायकोच्या शेजारी. आष्टीच्या पुढे लोखंडाच्या ट्रकांच्या मागे लागलो तेव्हा गाडीवर तांबडी धूळ बसत गेली, आणि बाईने काच खाली करून ठेवली म्हणून ती आतही आली. मी काही म्हटलं नाही. आलापल्लीच्या जंगलात तिला दोनदा उलटी झाली. बायकोने तिची पाठ चोळली. सिरोंच्याच्या पुलावर मी गाडी हळू केली. प्राणहिता खाली रुंद, उथळ वाहत होती. "हीच का?" बाईने विचारलं. हीच, मी म्हणालो. पुढे मग तेलुगू पाट्या लागल्या आणि ती झोपली.

रस्ताभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी दे, थांब, किती राह्यलं. मी तेवढ्यावर समाधान मानलं, दुसरं काय करणार! प्लॅनर मध्येच सांगायचा, इथे उतरा, देखावा चांगला आहे. मी ते ऐकत होतो आणि बाई म्हणेल तिथेच उतरत होतो. ती देखाव्यासाठी नाही, गुडघे सोडवायला उतरायची.

गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे आम्ही दुपारच्या आधी पोचलो. रेती सपाट होती. एका बाजूने मातकट पाणी येत होतं आणि पुढे कुठेतरी त्याचा रंग सुटत होता. बाईला उतरवायला मी हात पुढे केला. तिने बायकोचा धरला. दोघी ओल्या रेतीपर्यंत गेल्या आणि मी मागे, चपला हातात घेऊन.

पहिली लाट पायावर आली तशी ती दचकली, मग हसली, मग उभी राहिली.

समुद्र एका नजरेत बघायची गोष्ट आहे. पहिल्यांदा पाहणारा माणूस बघतो, तोंड उघडतो आणि थांबतो. बाईला तसं करता येईना. तिच्या नजरेत एका वेळी तेवढा तुकडाच मावत होता. ती मान एका टोकाला नेई, तिथून हळूहळू दुसऱ्या टोकाकडे आणी, अंगणातली रांगोळी पाहावी तशी, रेघ रेघ. दुसऱ्या टोकाला पोचली की पुन्हा पहिल्याकडे.

"हे पाह्यतो तं ते जाते," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कळलं नाही.

मागच्या वर्षी ती इथे उभी असती तर तिला मान हलवावी लागली नसती. हे तिच्या मनात आलं की नाही, मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क उरला नव्हता.

ऊन चढलं. बायको म्हणाली, "बाई, सावलीत बसता का जरासं?"

"थांब वो," बाई म्हणाली. तिची मान अर्ध्यावर होती. "घाई नोको करू. तिकडलं पाहाचं राह्यलं हाय अजून."

आम्ही दोघं तिच्या मागे उभे राहिलो.